एका थेंबावर लिहिलेले शून्य

एका पत्राचे उत्तर आठ महिने गेले नव्हते. ते पत्र माझ्या खोळीत दडवले होते. मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला. माझे सांगणे कितपत खरे धरावे, अशी मलाच शंका असते.

माझे पितळी अंग एका कारागिराने हाताने घासले. तपासनीसकाकांनी मला तीस वर्षे वापरले. "आपला म्हातारा खोटं बोलत नाही," असे ते म्हणत. मग पडद्याचे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात गेलो.

ते बिघडले, त्या एका दिवशी मला बाहेर काढले. एका सुताराचे वीर्य तपासायचे होते. लग्नाला सहा वर्षे झाली, मूल नव्हते. माझ्याखालच्या थेंबात एकही शुक्राणू दिसला नाही. रीत अशी, की मग उरलेला नमुना दुसऱ्या, फिरवणाऱ्या यंत्रात गरगर फिरवायचा आणि तळाचा गाळ पाहायचा; मोजकेच शुक्राणू असले तर ते तिथे सापडतात. काका घाईत होते. त्यांनी 'शून्य' लिहून टाकले. मला बोलता आले नाही.

पंधरा दिवसांनी सुताराचे पत्र आले. 'शून्य म्हणजे कायमचंच का? आई हिला वांझ म्हणते. दोष माझा आहे, हे सांगायला जीभ रेटत नाही. ही म्हणते, मी माहेरी जाते, तुम्ही दुसरी करा.'

काकांनी घडी घालून ते माझ्या खोळीत सरकवले. त्यानंतर मला कुणी हात लावला नाही.

काल नव्या डॉक्टरबाईंनी खोळ काढली आणि पत्र खाली पडले. त्यांनी ते वाचले.

"काका, गाळ पाहिला होतात?"

"नाही."

"मग शून्य कसं लिहिलंत? भविष्य सांगायला बसला होतात की काय?"

काका पत्राची पुन्हा घडी घालू लागले.

"आणि शुक्राणू खरंच नसले, तरी ते तयारच होत नाहीत की वाट बंद आहे, हे शोधायला नको? रक्तातली संप्रेरकं तपासायची. वाट बंद असली तर कधी शस्त्रक्रियेनं उघडते, कधी वृषणातून थेट शुक्राणू काढता येतात. सगळ्यांना जमतं असं नाही. पण विचारणाऱ्याला सांगायला तर हवं!"

"आता कुठल्या तोंडानं लिहू?"

"तोंडानं नको, हातानं लिहा."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, झाका. पण आमच्या एका नजरेवर कुणाचे आयुष्य तोलू नका.

काकांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिले, 'चूक माझी आहे. पुन्हा नमुना द्या, गाळ मी स्वतः पाहीन. पत्नी गेल्या असतील, तर आधी त्यांना हे दाखवा.'

खिडकीतून मला दिसले. काकांचा हात टपालपेटीच्या तोंडात किती तरी वेळ तसाच होता. मग तो रिकामा बाहेर आला.