नसलेल्या झाडाचं फूल

मी एक चाप बोलतोय. केसांचा नव्हे, कागदांचाही नव्हे. रानातली फुलं-पानं दोन फळ्यांत धरून चपटी करायचा चाप. सागवानी पट्ट्यांच्या दोन जाळीदार फळ्या, मध्ये कागदांची चळत आणि वरून म्हशीच्या कातड्याचे दोन पट्टे, एवढाच माझा देह. शिक्षण म्हणाल तर पोटात जुन्या वर्तमानपत्रांचे कागद असायचे, त्यांतून उलटंसुलटं जे वाचता आलं तेवढंच. अर्ध्या बातम्या फुलांखाली झाकलेल्या, त्यामुळे माझं ज्ञानही अर्धंच आहे. पण तोंड मात्र पूर्ण आहे.

आज मी पूर्वेकडच्या बेटांवरल्या बोगोर शहरात, तिथल्या झाडांच्या मोठ्या बागेजवळच्या एका इमारतीत काचेच्या पेटीत बसलोय. लोक येतात, काचेत बघून केस सारखे करतात आणि जातात. माझ्यापुढे एक पट्टी आहे: ‘वनस्पतिशास्त्रज्ञ तेरविंट यांचा चाप’. मी आतल्या आत हसतो. मग एक नाव आठवतं आणि हसू तिथंच अडकतं. ते नाव त्या पट्टीवर नाही. नाही, कारण मी गप्प बसलो.

मला तान नावाच्या चिनी सुतारानं घडवलं. म्हातारा मोठा वल्ली. खुर्ची केली की एक पाय केसभर आखूड ठेवायचा. डच बाई तिच्यावर डुलायला लागली की हात जोडून म्हणायचा, “बाई, खुर्ची सरळ आहे, तुमची जमीन जरा डावीकडे झुकलीय.” माझ्या डाव्या पट्ट्याचं शेवटचं भोकही त्यानं मुद्दाम सैल पाडलं. का? उगीच. माझ्या हाडात खोड्या शिरल्या त्या अशा.

तुआन तेरविंटनं (तुआन म्हणजे इथल्या बोलीत साहेब) मला घेतलं तेव्हा बोगोरवर डचांचं राज्य होतं आणि रोज दुपारी पाऊस होता. राज्य गेलं, पाऊस आहे. तुआन उंच, लाल नाकाचा. झाडांशी लॅटिनमधून बोलायचा आणि माणसांशी बोटानं. पण झाडांचा जीव लावून शोध घ्यायचा, हे मला कबूल करावंच लागेल. माशा खाणारी ती सुरईची वेल त्याला पहिल्यांदा दिसली तेव्हा तो जेवण विसरून तिच्यापुढे पालथा पडून राहिला. तोवर इकडे माशांनी त्याचा भात खाल्ला.

तुआन झाडांची वर्णनं लिहायचा. झाडं आणायचा इदिंग. गेडे डोंगराच्या पायथ्याच्या गावचा, चाळिशीचा, बुटका, पायांची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी पसरलेली. त्याची काम करायची रीत ठरलेली. आधी झाडाच्या सालीला नखानं ओरखडा काढायचा, वास घ्यायचा, पानाचा तुकडा चावून थुंकायचा. मग खोडावर हात ठेवून विचारायचा, “एक फांदी घेऊ का?” झाड काय बोलायचं ते त्यालाच ठाऊक, पण विचारल्याशिवाय त्यानं कधी कोयता उचलला नाही. फांदी कापली की बांबूच्या सालीची एक विशिष्ट गाठ मारून तिला नंबर बांधायचा. गाठ म्हणजे त्याची जबान. एका गाठीत एकच झाड. सात वर्षांत त्याचं एकही झाड चुकलं नव्हतं, आणि त्याला अभिमान होता तो तेवढ्याचाच.

आता माझ्या पापाकडे येतो.

गेडेवरून परत यायच्या दिवशी सकाळी तुआन माझ्यावर बसून बिस्किटं खात होता. नुसता बसला असता तर चाललं असतं. त्यानं माझ्यावर बुटांचा चिखलही पुसला. मी म्हटलं, थांब बेट्या. त्या वेळी माझ्या पोटात शेवटचे दोन नमुने होते. एकविसावा, एका चिकाळ झाडाची फांदी. बाविसावा, त्याच झाडावर चढलेल्या वेलीचा तुकडा, तिला एकच लालभडक नळीसारखं फूल. दोन दिवस ते फूल आपल्या कागदावर शांत झोपलं होतं. इदिंगनं मला पाठीवर उलटा लटकवला आणि उतरायला लागला. मी डावा पट्टा सैल सोडला. फूल देठापासून तुटलं, घरंगळत कागदाच्या कडेवरून शेजारी गेलं आणि एकविसाव्या फांदीच्या पानाच्या बेचक्यात जाऊन बसलं. चीक अजून ओला होता. मी पट्टा पुन्हा आवळला. असं चिकटलं की जणू तिथंच उगवलंय.

तुआन जरा गोंधळेल, डोकं खाजवेल, एवढाच माझा बेत होता.

तुआन गोंधळला नाही. बोगोरला आल्यावर त्यानं घाईनं मला उघडलं, फांद्या कोरड्या कागदांवर घेतल्या, भिंग लावलं आणि त्यावरून उठलाच नाही. स्वयंपाकीण ओनाह, जिला सगळे माक म्हणजे आई म्हणायचे, तिनं चहा आणून ठेवला, तो निवला. असं पान आणि असं फूल एकत्र असलेलं झाड जगात कुणी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? ते नव्हतंच. तुआननं त्याला नाव दिलं आपल्या वाग्दत्त वधूचं. हेन्ड्रिका. ती सहा वर्षं त्याच्या मायदेशी, लायडनमध्ये त्याची वाट बघत होती. मी पंधरा दिवस हसत होतो. पट्ट्या करकरायच्या. ओनाहला वाटायचं वाळवी लागलीय.

इदिंग मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला, “तुआन, हे पान एका झाडाचं आहे आणि फूल दुसऱ्याचं.”

“गाठ कुणाची आहे?”

“माझीच.”

“मग?”

“गाठ माझी, फूल तिथलं नाही. ते बावीस नंबरच्या वेलीचं.”

“बावीस नंबरला फूलच नाही. हे बघ. इदिंग, सात वर्षं मी ही पानं बघतोय. मला ओळखता येतात.”

“येतात ना, तुआन. वाळल्यावर येतात.”

दाराआड माक ओनाहला ठसका लागला. तुआनचं नाक आणखी लाल झालं. वर्णन छापायला गेलं.

वर्षभरानं लायडनच्या एका बड्या प्रोफेसरचं पत्र आलं: झाड अद्भुत आहे, आता फळ पाठवा आणि एक जिवंत रोप पाठवा, नाहीतर आमचा विश्वास बसणार नाही. तुआननं इदिंगला डोंगरावर धाडलं. तो रिकाम्या हातानं आला. पुन्हा धाडलं. पुन्हा रिकामा. तिसऱ्या खेपेला निघताना तो स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला होता आणि ओनाह केळीच्या पानात भात न् खारी मासळी बांधत होती.

“पुन्हा निघालास? त्यापेक्षा तुआनची नवरीच शोधून आण की. ती निदान आहे तरी.”

“माक, नसलेलं झाड शोधायला जायचं तर भात किती न्यावा?”

“असलेल्या माणसाला पुरेल एवढा.” तिनं आणखी एक मूठ घातली. “आणि बायकोला काय सांगून आलास?”

“सांगितलं, तुआनचं डोकं डोंगरात हरवलंय, शोधून येतो.”

दोघं हसली. मी खुंटीवर होतो, मीही हसलो. पण तेव्हा पहिल्यांदा ते हसणं मला खोकल्यासारखं लागलं.

अकरा दिवसांनी इदिंग आला तो जळवांनी फोडलेल्या पायांनी, तापानं फणफणून. बसला नाही. म्हणाला, “तुआन, मला बाविसावा कागद दाखवा. ते फूल दोन दिवस त्याच्यावर होतं. ओल्या फुलाचा रंग उतरतो. डाग असणार. तो कागद सापडला की माझी गाठ खरी ठरेल.”

तुआन म्हणाला, “शोध. पण ज्याची चूक निघेल तो या घरात राहणार नाही.”

दोन दिवस इदिंगनं घर उलथंपालथं केलं. सगळ्या कागदांच्या चळती, टोपल्या, माळा. आणि तो कागद कुठे होता? माझ्यात. बाविसावा नमुना सगळ्यात खाली होता. शेजारचा चीक पाझरून कागद माझ्या खालच्या फळीला आतून चिकटला होता. तुआननं घाईत वेल उचलली आणि कागद तिथंच राहिला होता. त्याच्यावर लाल नळीचा डाग लख्ख होता, कोपऱ्यात इदिंगनं कोळशानं घातलेला बावीसचा आकडा होता.

शेवटी इदिंगनं मला खुंटीवरून काढलं. हलवलं. पट्ट्यांच्या फटीत बोट घातलं. त्याचं बोट कागदाच्या कडेला लागलं, मला कळलं. मी नुसता पट्टा सैल सोडायचा होता. खोडी करताना एका क्षणात सोडला होता तसा. तेवढ्यात ओनाह म्हणाली, “तो मोडका चाप मला द्या की चुलीत घालायला. ओल्या लाकडांनी डोळे फुटले माझे.” ती थट्टा करत होती. तिची थट्टा मला कळायला हवी होती, आयुष्यभर मी दुसरं काय केलं होतं? पण मी घाबरलो. मी आवळून धरलं. इतकं, की त्याचं बोट चिमटलं. त्यानं बोट काढून तोंडात घातलं आणि मला परत खुंटीला लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही.

संध्याकाळी तुआननं दार लोटून घेतलं. टेबलावर कोरा कागद ठेवला, बागेतून आणलेलं तसलंच एक लाल फूल ठेवलं, आणि चिकाळ झाडाची ताजी फांदी ठेवली. बोट न दाखवता, खालच्या आवाजात बोलला. मी त्याला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

“इदिंग, चीक ताजा आहे. एक फूल बेचक्यात बसव आणि तुझी गाठ मार. बस. तुझी गाठ असली की लायडनवाले मानतील. कुणाला कळणार नाही.”

इदिंगनं फांदी उचलून हुंगली आणि परत ठेवली.

“तुआन, तुम्ही केलं ती चूक झाली. मी हे बांधलं तर ते खोटं होईल. मग उद्या झाडाला हात लावून मी काय विचारू?”

“तुला मुलंबाळं आहेत.”

“आहेत. त्यांनाही झाडं मीच दाखवतो.”

त्यानं कमरेची बांबूच्या सालीची जुडी सोडून टेबलावर ठेवली, कोयता ठेवला. जाताना माझ्या फळीवर तळहात टेकला, झाडावर टेकायचा तसाच. मला काहीतरी विचारतोय असं वाटलं. मी लाकूड झालो.

तुआनलाही ते खोटं स्वतःच्या हातानं करवलं नाही. पण पुढच्या पुस्तकात त्यानं एक ओळ छापली. त्या पुस्तकाचे रद्दी कागद माझ्याच पोटात आले, तिथं ती मी वाचली, आणि या वेळी फुलानं नेमकी तीच ओळ झाकली नव्हती: ‘माझा स्थानिक मदतनीस झाडाची जागा मुद्दाम लपवतो, त्याच्या शब्दावर विसंबू नये.’ नावसुद्धा घातलं नाही. नाव न घालताच त्याचं नाव घालवलं. त्यानंतर कुठल्याही बागेनं इदिंगला ठेवलं नाही. तो चहाच्या मळ्यात टोपल्या वाहायला गेला. बाजारात भेटलेल्या बायकांकडून ओनाहला बातम्या कळायच्या आणि ती भांडी घासताना भिंतीला सांगायची. मळ्यात कुणी झाडाचं नाव विचारलं की बाकीचे म्हणायचे, “त्याला नका विचारू, तो झाडं लपवणारा.” मग त्यानं सांगायचंच सोडलं.

हेन्ड्रिकेनं लायडनमध्येच कुणाशी तरी लग्न केलं. तुआन तापानं गेला. ओनाह गेली. मी माळ्यावर पडलो, पोटात तो कागद घेऊन. ज्या चुलीला मी भ्यालो होतो ती चूलसुद्धा केव्हाच पाडली. मला जाळायला कुणी उरलं नाही. आणि ज्याला मी वाचवायला हवं होतं तोही.

परवापरवा, म्हणजे माझ्या हिशोबानं परवा, इबू एनोक नावाची इथली बाई मला या पेटीत ठेवण्यापूर्वी पुसत होती. चष्मा कपाळावर, तोंडात लवंग. मी डावा पट्टा सोडला. तो कुजलाही होता म्हणा. पण मी सोडला, एवढं मला म्हणू द्या. कागद तिच्या मांडीवर पडला.

तिनं डाग पाहिला, आकडा पाहिला. कपाटातून एकविसावा नमुना काढून आणला. बेचक्यात कोमट पाण्याचे थेंब सोडले आणि सुईचं टोक लावलं. फूल अलगद सुटून आलं. खाली देठ नव्हतं, नुसता वाळका चीक.

“घ्या,” ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाली. “सव्वाशे वर्षं सगळे शोधतायत, आणि हे झाडच नाही.”

“मग तेव्हा कुणालाच कसं कळलं नाही?”

“कळलं असणार. ही गाठ बघ. अशी गाठ मारणाऱ्याला कळलं नसेल? त्यानं सांगितलंही असेल.” तिनं गाठीवरून बोट फिरवलं. “कोण होता कोण जाणे.”

मग तिनं एक चिठ्ठी लिहून नमुन्याला लावली: ‘पान एका झाडाचं, फूल दुसऱ्याचं.’ खाली छापील जागा होती, ‘गोळा करणारा’. तिथं तिचा हात थांबला. जुन्या वह्या तिनं दोन दिवस चाळल्या. मग लिहिलं: ‘अज्ञात’.

मी पेटीतून ओरडतोय. तिला ऐकू जात नाही. खोड्या करायला मला कधी तोंड लागलं नाही, आणि आता एक शब्द सांगायचाय तर मध्ये काच आहे. तुम्हाला मात्र ऐकू येतंय. तेव्हा माझं एवढं काम करा. कधी बोगोरला आलात तर केस नंतर सारखे करा. आधी एनोकबाईंना गाठा, चिठ्ठी काढायला लावा आणि तो शब्द खोडायला सांगा.

त्याचं नाव इदिंग होतं.