सरळ करून चालेल

माझ्या कामात गाडी आधी आपटते आणि मग माझ्यापुढे येते. त्यामुळे धडधाकट गाडी मला नेहमी थोडी अपुरी वाटते. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. गॅरेजमध्ये जायचं, चेपलेली गाडी बघायची, गॅरेजवाल्यानं दिलेली खर्चाची यादी निम्मी खोडायची, सही करायची आणि चहा नाकारायचा. एकवीस वर्षं हे केल्यावर माणसाला दोन गोष्टी मिळतात: कंबरदुखी आणि टोपणनाव. माझं टोपणनाव कात्री. गॅरेजवाले तोंडावर साहेब म्हणतात आणि पाठ वळली की कात्री. ऑफिसात तोंडावरच म्हणतात, कौतुकानं.

अशा माणसाच्या लेकीला स्पोर्टी हॅचबॅक घ्यायची होती.

लेक फिजिओथेरपिस्ट. दिवसाला सहा-सात घरी जाऊन लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे हलवते. सोबत रबरी पट्टे, घडीची चटई आणि कमरेएवढा चेंडू. चेंडू फुगवलेलाच न्यावा लागतो, कारण प्रत्येक घरी फुगवत बसलं तर पेशंटच्या आधी हिचीच छाती भरते. बसमध्ये तो एकदा सुटला आणि मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत गेला. कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं. पहिल्या तारखेपासून तिला गावाबाहेरची दोन घरं मिळणार होती, तिथं बसच जात नव्हती. गाडी आता हौस राहिली नव्हती.

पण हौस होतीच. "दिवसभर मी लोकांना सांगते, हळू उठा, हळू वाका, घाई करू नका," ती म्हणाली. "दोन घरांच्या मधे तरी मला जरा जोरात जाऊ द्या की, बाबा."

तिची शिल्लक आणि माझी भर मिळून जे जमत होतं, त्यात एक नवी गाडी येत होती. पांढरी, गुळगुळीत, सभ्य. लेक तिच्याभोवती एक चक्कर मारून परत आली. "ही गाडी न मारता रडेल," ती म्हणाली. म्हणून जुन्या गाड्या बघायच्या ठरलं, आणि जुन्या गाड्या बघायला घरात माझ्याइतका जाणता कोण?

सहा आठवड्यांत मी अकरा गाड्या नापास केल्या. एकीच्या डिकीतल्या गालिच्याखाली गंज होता. एकीच्या दोन दारांच्या फटी सारख्या नव्हत्या. एकीत काहीच सापडलं नाही, म्हणून ती मला जास्तच संशयास्पद वाटली.

"तुला गाडी घेऊन देणार नाहीत ते," बायको लेकीला म्हणाली. "साबण आणायला गेले तरी कोपरे तपासतात. लग्नाआधी मला कसं पास केलं, हेच मला अजून कळलेलं नाही."

"तुला बघितलं तेव्हा मी नोकरीला लागलो नव्हतो," मी म्हटलं.

लेक हसली नाही. हल्ली ती जेवताना पाय हलवत बसायची. ताट हलायचं. मी तिला थांब म्हणायचो आणि मग माझाच पाय हलत असायचा.

बारावी गाडी रविवारी सकाळी बघितली. जुन्या गाड्यांचं मोठं यार्ड होतं, फरशी धुतलेली, प्रत्येक काचेवर किंमत. ही गाडी शेवटच्या रांगेत होती. गडद निळी, बुटकी, मागे दोन सायलेन्सर, टायर रुंद. सीट अशा, की माणूस बसला की दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. किंमत आमच्या आवाक्यात, वर चार टायर बदलता येतील एवढी फट. लेक आत बसली, सीट पुढे घेतली, आरसा फिरवला आणि गप्प झाली. दुकानात ती गप्प झाली की खरेदी झालेली असते. लहानपणापासून हे असंच.

"एकदम घरगुती वापर," यार्डवाला म्हणाला. चाळिशीतला, हसरा, कानात सतत फोन. "बघा, काका. हवं ते उघडून बघा."

मी बॉनेट उघडलं. इंजिन लख्ख. इतकं स्वच्छ इंजिन मला आवडत नाही. आंघोळ करून, केस विंचरून आलेला साक्षीदार असतो तो. खिशातली छोटी बॅटरी काढून मी उजव्या बाजूला खाली प्रकाश टाकला. गाडीच्या बॅटरीच्या तबकाखाली, रंगाचा फवारा पोचला नव्हता तिथं, लोखंडावर एक हिरवा गोल होता. पाच रुपयांच्या नाण्याएवढा.

हा गोल काय, ते सांगायला हवं. आमच्यातला प्रत्येक सर्व्हेअर चेपलेल्या सुट्या भागावर पक्क्या शाईची खूण करतो. जो भाग बदलायचा त्यावर फुली, म्हणजे गॅरेजवाल्यानं तोच जुना भाग पुन्हा दाखवून पुन्हा पैसे मागू नयेत. जो दुरुस्त करायचा त्यावर गोल. प्रत्येकाच्या शाईचा रंग वेगळा. आमच्या ऑफिसात हिरवा माझा.

आणि मग सगळंच आठवलं. मला गाड्या लक्षात राहत नाहीत, धडका राहतात. दीड वर्षापूर्वी, तिमाहीचे शेवटचे दिवस, खर्च कमी दाखवा म्हणून वरून रोज फोन. गॅरेजचा मालक म्हणत होता, "साहेब, मेंबर दुमडलाय, नवा टाकू द्या." मेंबर म्हणजे इंजिनाच्या बाजूनं पुढे जाणारी लोखंडी पेटी. समोरून धडक बसली की ती आधी चेपते आणि आत बसलेल्याचे पाय वाचवते. एकदा चेपली की ठोकून, ओढून सरळ करता येते. दुसऱ्यांदा ती कशी चेपेल, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही. मी त्याला म्हटलं होतं, "सरळ करून चालेल." रिपोर्टमध्येही तेच लिहिलं. त्या महिन्यात ऑफिसातल्या साहेबांनी माझं उदाहरण सगळ्यांना दिलं होतं.

मी बॉनेट बंद केलं.

"काय म्हणताय?" लेकीनं खिडकीतून डोकं काढलं.

"चालवून बघ," मी म्हटलं.

खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, गाडीच काहीतरी बोलेल. खडखडेल, ओढेल, पोरगीच नाही म्हणेल आणि आपण सुटू. एकवीस वर्षं मी गाड्यांकडून खरं काढून घेतलं. या एका गाडीनं माझ्यावतीनं थोडं बोलावं, एवढीच अपेक्षा.

गाडी सुरेख चालली. पहिल्याच वळणावर लेकीच्या तोंडून आवाज निघाला, जो मी ती सातवीत असल्यापासून ऐकला नव्हता. मोकळ्या रस्त्यावर तिनं तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि माझी पाठ सीटला चिकटली.

"हात जरा सैल सोड," मी म्हटलं.

तिनं सोडले. गाडी किंचित उजवीकडे सरकली. अगदी किंचित, लग्नात कोपरखळी मारतात तेवढी.

"अलाइनमेंट असेल," ती म्हणाली.

"असेल."

"मग? घ्यायची?"

"टायर महाग पडतील याचे."

"ते धरलेत आपण."

"गतिरोधकावर खाली घासेल. बुटकी आहे."

"तिरकी घेईन."

"पेट्रोल पिते."

"मीही चहा पिते. बाबा, हे सगळं मागच्या अकरा गाड्यांच्या वेळी बोलून झालंय तुमचं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होतात. आज खिडकीबाहेर बघताय. या गाडीत काय आहे?"

तिनं गाडी एका बंद दुकानापुढे घेतली आणि इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर स्पोर्टी गाडीत फार शांतता होते. गप्पा मारायला जागाच नसते.

"मी ही आधी पाहिलीय," मी म्हटलं.

"कधी?"

"आपटल्यावर."

तिनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मी तिला मेंबर म्हणजे काय ते सांगितलं, हिरवा गोल सांगितला. तिनं नीट ऐकून घेतलं, पेशंटचं ऐकते तसं.

"म्हणजे गॅरेजवाल्यानं फसवलं."

"नाही. तो नवा टाकतो म्हणत होता."

"मग?"

"मी कापला."

"कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे चार पानी छापील होतं, कंपनीच्या पत्रकात. ते म्हणावंसं वाटेना. "सवयीनं," मी म्हटलं.

एक बाई कुत्र्याला घेऊन गाडीपुढून गेली. कुत्रं आमच्या टायरपाशी थांबलं, आणि बाई त्याच्यावर ओरडून आमच्याकडे बघून ओशाळली. लेकीनं हात हलवून चालेल म्हटलं.

"आज ही बघायला मी आले नसते, दुसरं कुणी आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?"

खोटं बोलायला जागा होती. पाय पसरायला नव्हती, पण खोटं बोलायला होती.

"आज रविवार आहे," मी म्हटलं. "मी घरी पेपर वाचत असतो."

तिनं मान हलवली. गाडी सुरू केली आणि परत यार्डात आणली, पांढऱ्या सभ्य गाडीच्या वेगानं.

यार्डवाला दारातच उभा. "काय, ताई? आवडली ना?"

"ही गाडी विकू नका," मी म्हटलं. "उजवा मेंबर बदलल्याशिवाय कुणालाच नको."

तो हसला. "काका, आम्ही काही लपवत नाही. थोडी लागली होती, कागद आहे ना." आत जाऊन तो प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझ्या रिपोर्टची प्रत घेऊन आला. "हे बघा. कंपनीचा सर्व्हेअर. कात्री म्हणतात त्याला, सगळी गॅरेजं घाबरतात. असला खडूस माणूस जन्मात नाही मिळायचा. त्यानं जर चालेल म्हटलं, तर काका, डोळे झाकून घ्या."

"तो मीच," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, सहीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला की!"

लेकीला हसू आवरलं नाही. त्या हसण्यात माझ्या बाजूचं काही नव्हतं.

मी त्याच्याकडून पेन मागितलं. प्रतीवर आडवं लिहिलं: माझी नोंद चुकीची. मेंबर बदलणे आवश्यक, तोवर वापर धोक्याचा. खाली सही, तारीख. फोनवर फोटो काढला आणि तिथंच उभ्या उभ्या ऑफिसच्या साहेबांना पाठवला. त्याच्याआधी विचार करायला थांबलो असतो, तर शब्द बदलले असते; मला त्याची चांगली सवय आहे.

"साहेब, कागद नासवलात तुम्ही," यार्डवाला म्हणाला. आता काका नव्हतो. "आता ही घेणार कोण?"

"मेंबर टाका, कुणीही घेईल. मीही घेईन."

"मी नाही घेणार," लेक म्हणाली.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. फोटो टेबलावर छापून ठेवला होता. "रविवारी कशाला जाता हो यार्डात?" त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आता असे गोल अजून किती आहेत, हे विचारतील."

"एकशे चौदा," मी म्हटलं. "रात्री यादी काढली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी तसाच होतो. चौकशी लागली, माझं फील्डवरचं काम थांबलं, आणि मला टेबलाशी बसवलं, जिथून फक्त पार्किंग दिसतं. तिथं मी दिवसभर इतरांच्या गाड्यांच्या फटी मोजतो. यादीतले पहिले नऊ गाडीमालक सापडले. दोघांनी आभार मानले, सहा जणांनी विचारलं की यात माझा काय स्वार्थ, आणि एकानं फोनच उचलला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी लेक बूट घालून तयार होती. दारात एक बाई उभी होती, लेकीच्या कुठल्या पेशंटची सून, धंद्यानं मेकॅनिक. हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र, खांद्याला पिशवी. वय माझ्या निम्मं.

"तुम्हीही या, बाबा," लेक म्हणाली. "पण गेटबाहेर थांबा."

"मी नुसतं बघेन. बोलणार नाही."

"बघूही नका."

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि चपला पुढे सरकवल्या. म्हणजे जा.

दुसरं यार्ड होतं. मी गेटबाहेर उभा राहिलो. पाच मिनिटं उभा राहिलो, मग फेऱ्या मारल्या, मग समोरच्या दुकानातून नको असलेल्या बॅटऱ्या विकत घेतल्या. आतून बॉनेट आपटल्याचे आवाज येत होते, एकदा गाडी रेस केल्याचा. त्या आवाजावरून मी तीन दोष काढले आणि त्यांतले दोन स्वतःच खोडले. चौकीदारानं विचारलं, "कुणाची वाट बघताय का?" मी हो म्हटलं. कशाची, हे नीट सांगता आलं नसतं.

तासाभरानं एक केशरी हॅचबॅक बाहेर आली. जुनी, चार वर्षं तरी, छोटं इंजिन पण आवाजात माज. लेक चालवत होती, मेकॅनिक बाई पुढे बसली होती.

"बसा," लेक म्हणाली.

मागची सीट मेकॅनिक बाईच्या मागे जेमतेम होती. मी घडी घालून बसलो. गुडघे हनुवटीला लागले. दाराचा आवाज किंचित भरीव वाटला, म्हणजे दार बदललेलं असू शकतं. मी हात मांड्यांखाली दाबून धरले. दहा सेकंद.

"मेंबर बघितलेत?" मी विचारलं.

"बघितले," मेकॅनिक बाई म्हणाली.

"कसे बघितलेत?"

आरशात लेकीचे डोळे दिसले. मेकॅनिक बाई मात्र मागे वळली आणि राग न धरता सगळं सांगायला लागली: बॅटरीचं तबक काढलं, दोन्ही बाजूंच्या जोडाचे वेल्डिंगचे टाके मोजले, रंगाची जाडी चार ठिकाणी घेतली, आकडे अमुक. डावं मागचं दार नवं आहे, बाकी मूळचं. सगळं बरोबर होतं. मी याच क्रमानं केलं असतं. तरीही प्रत्येक वाक्याला माझ्या तोंडात "पण" यायचा आणि मला तो गिळायला लागायचा, कडू गोळीसारखा.

"बरं," शेवटी मी म्हटलं.

"बाबा, पट्टा लावा," लेक म्हणाली आणि तिनं पाय दाबला.

गाडी उडाली. पुढच्या सिग्नलपर्यंत मी सहा वेळा ब्रेक मारला. मागच्या सीटला ब्रेक नसतो, हे मला माहीत होतं.