सुरुंगनाक्यावरचा भाडेकरू

तुर्भ्याच्या मागे, डोंगराच्या अगदी कुशीत सुरुंगनाका नावाचा बाजार आहे. सुरुंग लागायचे बंद होऊन बरीच वर्षं झाली, नाव तेवढं राहिलं. खाणी चालू होत्या तेव्हा इथे डंपरांची रांग हलायची नाही. छिन्न्या तापवून धार लावणारे लोहार, पंक्चरवाले, खानावळी, सगळ्यांची चंगळ होती. मग वरून खाणी बंद करायचा हुकूम आला, खडीचे क्रशर थांबले, आणि निम्मा बाजार शटर ओढून निघून गेला. मागे राहिला तो डोंगराला पडलेला मोठा खड्डा. त्यात पाणी साचलं, हिरवंगार, आणि बायका तिथे गोधड्या धुवायला जायला लागल्या.

तेव्हापासून नाक्यावर नवा माणूस दिसला की लोकांच्या कपाळाला आठी पडते. इथून माणसं जातात, राहायला येत कोणी नाही. आला तर त्याचं काहीतरी काम असणार, आणि ते काम आपल्या भल्याचं नसणार, हे सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं.

शर्मिलाच्या दुकानासमोरच्या चाळीत आशुतोष राहायला आला तेव्हाही तेच झालं. शर्मिलाचं दुकान तिच्या वडिलांचं. ते जालन्याकडून दगड फोडायला आले आणि खाणकामगारांना घण, दोर, गमबूट विकायला लागले. आता ती तिथे बादल्या, साबण आणि मोबाईलची कव्हरं विकते. बाजार बसला तरी ती उठली नव्हती. तिशीचा, चांगल्या बुटातला हा पोरगा रोज सकाळी पाठीवर बॅग टाकून खड्ड्याकडे जातो आणि आजूबाजूचे फोटो काढतो, हे तिने दुकानात बसल्या बसल्या पाहिलं होतं.

"बिल्डरचा मानूस हाय," शिवादादा म्हणाला. चाळ त्याचीच, खोलीही त्यानेच भाड्याने दिलेली, पण संशय घेण्यात तोही मागे नव्हता. "मना सांगतो अभ्यास करतो. पान्याचा कसला अभ्यास?"

शर्मिलाला ते पटलं. खड्डा भरला की सपाट जमीन, जमिनीवर टॉवर, आणि टॉवरच्या तोंडाशी ही चाळ कोण ठेवील? तिने त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. तो फोनवर बोलत बाहेर आला की ती दुकानापुढे झाडू मारायला लागायची. कानावर इंग्रजी शब्द पडायचे, त्याने संशय वाढायचाच.

एके दिवशी तो दुकानात आला. हातात पाण्यावर तरंगायला हवा भरलेली टायरची ट्यूब होती. "काकू, जुने लोक सांगतात डंपर आत उतरायला रस्ता होता. तो कुठल्या बाजूला?"

रस्ता उत्तरेला होता. पाण्याखाली अजून तसाच, गुडघ्यापासून हळूहळू खोल जाणारा. शर्मिलाचा नवरा अंकुश त्याच उतारावरून वर्षानुवर्षं डंपर चालवत होता. पण तिच्या तोंडून निघालं, "उंबराजवळून."

उंबराखाली दगड भिंतीसारखा सरळ तासलेला होता, पाणी एकदम खोल. तिला वाटलं, जाईल, बघेल, कंटाळून परत येईल. एवढंच तिच्या मनात होतं.

तो गेला. ती साबणाचे बॉक्स लावत बसली. काठावरचं शेवाळ तिच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. गोधडी धुताना गेल्याच वर्षी एक बाई घसरली होती, ती उत्तरेला होती म्हणून वाचली. शर्मिला उठली, कोपऱ्यातलं वडिलांच्या वेळचं दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि दुकान तसंच उघडं सोडून निघाली.

ट्यूब पाण्यावर लांब गेली होती. आशुतोष कपारीला बोटं रुतवून लटकला होता. पोहता येत होतं त्याला, पण वर यायला पाय टेकायला जागा नव्हती. ओरडून आवाज बसला होता. तिने दोर उंबराला बांधून खाली टाकला, पण एकटीला तो ओढवेना. तिच्या हाका ऐकून शिवादादा धावत आला. दोघांनी त्याला वर घेतलं.

तिने त्याला घरी नेलं. ऐरोलीच्या आयटी पार्कात वॉचमन असलेला अंकुश नुकताच ड्युटीवरून आला होता. त्याने आपला शर्ट काढून दिला. चहा पिता पिता आशुतोषने स्वतःहून सांगितलं. एका कंपनीने खड्ड्यातलं पाणी किती खोल आहे ते मोजायला पाठवलं होतं. भराव किती लागेल ते काढायचं होतं. चाळीचं काय होणार, असं तिने विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "ते मला सांगितलेलं नाही, काकू. तुम्ही आलात म्हणून वाचलो."

तो गेल्यावर अंकुश म्हणाला, "उंबराजवळ का उतरला तो?"

ती चहाचे कप उचलायला लागली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

विचारलं ते शिवादादाने, संध्याकाळी, चार लोकांसमोर. "दोर घेऊन तू आधीच कशी पोचली गं?" ती शटर ओढून घरी निघाली. मग बाजाराने आपलं उत्तर काढलं. शर्मिला त्याला सामील आहे, त्याच्या मागे राखणीला जाते, घरात चहा होतो, नवऱ्याचे कपडे घालायला देते. आशुतोष खोली सोडून गेला आणि लगेच दुसरी माणसं यंत्राची होडी घेऊन आली, एकाच सकाळी मोजून गेली. तेव्हा तर खात्रीच झाली. गिऱ्हाईक तिच्या दुकानावरून पुढे जायला लागलं.

चाळ कशी वाचवायची ते ठरवायला नाक्यावरच्या बुद्धविहारात मीटिंग ठरली, तिला निरोप आला नाही. "खरं सांगून टाक," अंकुश म्हणाला. त्याला न सांगताच कळलं होतं.

"सांगितलं तर म्हणतील, पोराला मरायला पाठवला."

"म्हणू देत."

ती गेली. मागे उभी राहिली, आणि बोलणं थांबलं तेव्हा सगळं सांगितलं. वाट मुद्दाम चुकीची दाखवली, मग राहवलं नाही म्हणून दोर घेऊन धावले. कोणी रागावलं नाही. मग पुढे बसलेली गोजराबाई, जी गोधडी धुताना घसरली होती, मान वळवून साध्या आवाजात म्हणाली, "मग काढलंस कशाला त्याला?"

कोणीतरी हसलं. दोघातिघांनी माना डोलावल्या. शर्मिलाने चपला घातल्या आणि बाहेर पडली.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक परत आलं. शिवादादा तर स्वतः येऊन बसला. आता पुढे काय करायचं, हे तिलाच विचारायला लागला. आपल्यातली आहे, अशी खात्री पटली होती त्यांची. ती साबण देत राहिली, सुट्टे देत राहिली, पण त्यांच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांत बघणं तिला जमेना. पुढच्या वेळी ही माणसं कोणाला कुठली वाट दाखवतील, याचा भरवसा तिला राहिला नव्हता.