शंभर किलो उचलणारं कडं

संध्याकाळी साडेसहाला जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धावायच्या पट्ट्यांवर माणसं नुसती उभी, सायकलींवर दोघं-दोघं. आरशांवर अशी वाफ धरली होती की मी ते सकाळीच पुसलेत, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मी इथली टॉवेल धुणारी. सगळे मला मावशी म्हणतात. खरी मावशी मी एकीचीच, आणि ती पहिल्या रांगेत डोळे विस्फारून उभी होती.

मधोमध कडेगुरू, म्हणजे जिमचे नवे प्रशिक्षक. हातात एक काळपट कडं.

"लोखंडाला लोखंडाची ओढ असते," ते डोळे मिटून म्हणाले. "हे कडं पृथ्वीच्या पोटातून आलंय. ते घातलं की पृथ्वी वजनावरची पकड सैल करते!"

"माझ्या पोटावरचीही करेल का?" बेकरीवाल्याने विचारलं. कुणी हसलं नाही, इतके सगळे भारावले होते.

पोस्टमनला बोलावलं. "आलास तसा ये. वॉर्मअप नको. गरम अंगात शक्ती वितळते." पोस्टमन थेट पंचाण्णव किलोच्या बारला भिडला. चेहरा टोमॅटोसारखा झाला, बार मात्र ढिम्म. मग कडं मनगटात गेलं आणि अर्पणविधी सुरू झाला. रिकामा बार आठ वेळा उचलायचा. पन्नास किलो पाच वेळा, सत्तर तीन वेळा, नव्वद फक्त एकदा. मग पाच मिनिटं मौन. त्यानंतर शंभर! बार वर आला, पोस्टमन ताठ उभा राहिला आणि टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं. मागोमाग बेकरीवाल्यानेही त्याच विधीने शंभर उचलले.

टाळ्या मीही वाजवल्या. माणूस शंभर किलो उचलतो म्हणजे काय चेष्टा आहे? पण तो आकड्यांचा क्रम मी कुठंतरी वाचला होता.

घरी जाताना भाची म्हणाली, "मावशी, रविवारच्या निवड चाचणीला गुरुजी मला कडं देणारेत. ऐंशी किलो उचलले की मी संघात."

"आणि विधी?"

"तो मागच्या आठवड्यात झालाय ना. शक्ती कड्यात साठलीये. कडं घालायचं आणि थेट ऐंशीला हात."

थंड अंगाने थेट ऐंशी! "अगं, पाठ धरली तर?"

"तुला नाही कळायचं. कडं नसेल तर मला जमायचंच नाही." दोन वर्षं पहाटे उठून घाम गाळणारी पोरगी, आणि सगळं श्रेय एका लोखंडाच्या तुकड्याला!

दुसऱ्या दिवशी टॉवेल धुताना तो क्रम सापडला. माझ्या साबणाच्या फळीवर अंथरलेल्या कागदावर! जुन्या प्रशिक्षकांनी भिंतीवर लावलेला तो कागद. गुरूंनी आल्या आल्या "जुनं सगळं काढा" म्हणून मला फेकायला दिला होता. मी कशाला फेकते? जाड कागद होता.

संध्याकाळी मी हात पुसत पुढे गेले. "गुरुजी, शक्ती कड्यात साठते ना? मग एक गंमत करू. पोस्टमन आणि बेकरीवाले, दोघांनीही कडं घालून शंभर उचललेत. दोघांच्याही मनगटाला मी टॉवेल गुंडाळते. एकाच्या टॉवेलात कडं, दुसऱ्याच्या टॉवेलात साधं काहीतरी. बेकरीवाले थेट उचलतील. पोस्टमनचा विधी तुम्ही करा."

"पृथ्वीची परीक्षा घेतेस, बाई?"

"छे हो. पृथ्वी टॉवेलाला घाबरते का, एवढंच बघायचंय."

लोक खो-खो हसले. आता गुरूंना नाही म्हणायची सोय राहिली नाही.

"हललं नाही तर सोडून द्या, ओढत बसू नका," मी बेकरीवाल्याला बजावलं. त्याने थेट शंभरला हात घातला. बार जमिनीला चिकटल्यासारखा.

"बघा!" गुरू गरजले. "याच्या हातात कडं नाही. मला त्याचं तेज दुरूनच कळतं!"

मग पोस्टमनचा साग्रसंगीत विधी झाला. आठ, पाच, तीन, एक, मौन. आणि शंभर वर!

"आणि हे! हे कड्याचं तेज!"

मी टॉवेल सोडले. बेकरीवाल्याच्या मनगटावर कडं. पोस्टमनच्या मनगटावर माझ्या वॉशिंग मशीनच्या पाईपची क्लिप, साबणाच्या फेसासकट.

गुरू म्हणाले, "शक्ती... टॉवेलात शिरली."

"अरे देवा! म्हणजे इतके दिवस मी ती गटारात सोडत होते?"

हसण्याचा गडगडाट थांबल्यावर मी कागद उलगडून भाचीच्या हातात दिला. ती मोठ्याने वाचू लागली: "वॉर्मअप. रिकामा बार आठ वेळा. मग वजन वाढवत जा, उचलायची संख्या कमी करत जा. शेवटी जवळजवळ पूर्ण वजन, एकदाच. पाच मिनिटं विश्रांती..." तिचा आवाज बारीक होत गेला.

"मी पहाटे ओल्या टॉवेलांची पहिली बादली उचलते तेव्हा कंबर कुरकुरते," मी म्हटलं. "पाचवी त्याहून जड असते, तरी सहज येते. अंग तापतं, सांधे सुटतात, स्नायूंना कळतं की आता काम आहे. दमायच्या आत थांबलं की ताकद शाबूत राहते. गुरुजी आधी थंड अंगाने हरवतात, मग तापवून जिंकवतात. मधे कडं घालतात, एवढंच."

बेकरीवाल्याने कडं काढून ठेवलं, कागदाप्रमाणे अंग तापवलं आणि शंभर उचलले. तोवर गुरू सटकले होते. कडं इथंच राहिलं. माझ्या धुण्याच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आता मी ते दाराला अडवण लावते.

रविवारी भाचीची पाळी यायच्या आधी अर्धा तास तिने कागद काढला. रिकाम्या बारपासून सुरुवात केली. शेवटी पाच मिनिटं माझ्याशेजारी बसली, हात माझ्या हातात. मनगट रिकामं, तळवा मात्र ऊन ऊन. मग उठली आणि ऐंशी किलो उचलले. तिने. दुसऱ्या कुणी नाही.

सोमवारी पोस्टमन हळूच धुण्याच्या खोलीत आला. "मावशी, ती पाईपची क्लिप एक दिवस द्याल का? फार गुणाची आहे हो."

मी त्याला खाली वाकून मशीनचा पाईप दाखवला. क्लिप तिथं घट्ट बसली होती आणि पाणी गळत नव्हतं. तिचं काम तेवढंच. म्हणून सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर वस्तूकडे बघू नका. वस्तू घालायच्या आधी आणि घातल्यानंतर तुमच्याकडून काय काय करून घेतलं, ते मोजा. आणि एकदा त्या वस्तूशिवाय करून बघा.