पलीकडच्या काठावरची बाई

त्या हिवाळ्यात एडिनबराच्या एका संग्रहालयात एडविन कोफिना या सूरिनामी शिल्पकार-चित्रकाराचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. माणूस नुकताच गेला होता आणि त्याची नदीची चित्रं देशोदेशींहून मागवली होती. ती तपासून, साफ करून भिंतीवर चढवायचं काम पुण्याहून आलेल्या कस्तुरीकडे होतं. हाताशी अनुप, जन्म लंडनमधल्या हॅरोचा, पण मराठी बोलायची भारी हौस.

चित्रं वर्षांच्या क्रमाने लावून झाली, तसा अनुप मागे सरकला.

"कस्तुरी, ही बाई जवळ येतो आहे."

त्याची चूक सुधारायच्या आधीच तिची नजर भिंतीवर गेली. पहिल्या चित्रात पलीकडच्या काठावर एक ठिपका होता. तिला तो झाडाचा बुंधा वाटला होता. पुढच्या चित्रात तोच होडीत उभा होता, डोक्याला पांढरं फडकं. मग अलीकडच्या चिखलात. मग केळीच्या आडोशाला. शेवटच्या चित्रात नुसतं घराचं दार, आणि चौकटीवर बाहेरून टेकलेला ओला हात. एकेक चित्र तिने भिंगाखाली निरखलं होतं, तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं.

त्या दारासमोरच कोफिनाने घडवलेला स्वतःचा लाकडी पुतळा होता. खुर्चीत बसलेला. त्याची पाठ चित्रांकडे कस्तुरीनेच केली होती.

दुपारी कोफिनाची मुलगी मार्लिन अ‍ॅमस्टरडॅमहून आली आणि दालनाच्या तोंडाशीच थबकली.

"ही सगळी एकत्र कुणी लावली?"

"मी. का हो?"

"रंग पुरता वाळायच्या आत बाबा चित्र विकून टाकायचे. एका गावात दोन कधी दिली नाहीत. म्हणायचे, तिला वाट सापडता कामा नये."

"कुणाला?"

"त्यांच्या थोरल्या बहिणीला. नदी ओलांडताना बुडाली. सापडलीच नाही."

"कस्तुरी, इकडे ये," अनुप पुतळ्यापासून ओरडला.

लाकडी खांद्यावर पाच बोटं उमटली होती. ओली. कस्तुरी वाकली. चिखलाचा, कुजक्या पानांचा वास आला. छत कोरडं ठणठणीत होतं.

"होडीचं चित्र उतरव," ती म्हणाली. "आत्ता. होडीच नसली तर ती अलीकडे येणार कशी?"

दोघांनी ते चित्र उतरवून तळघरात नेलं. क्युरेटरने विचारलं तेव्हा तिने रंगाचे पोपडे सुटतायत अशी सरळ थाप मारली.

प्रदर्शन गाजलं. पुन्हा काही झालं नाही. फक्त भिंतीवरच्या त्या रिकाम्या जागेसमोरून जाताना लोक एक पाऊल लांब टाकायचे, डबकं ओलांडावं तसं. विचारलं तर हसायचे.

शेवटी कस्तुरीने हट्टाने प्रत्येक चित्र वेगळ्या गाडीने परत धाडलं. पुतळा मार्लिन नेणार होती. खांद्यावरची बोटं वाळली होती, पण डाग तसाच होता. कस्तुरीने कापसाचा बोळा द्रावणात बुडवला. मार्लिनने तिचं मनगट धरलं.

"राहू द्या. बाबांनी जन्मभर तिला चुकवलं. भावाला हात लावायला मिळाला तिला, तेवढं तरी पुसू नका."

कस्तुरीने बोळा खाली ठेवला. पुतळा गुंडाळताना त्या खांद्यावर तिने कागद आवळला नाही.