खारबांधचा तिसरा अंक

गोटीराम म्हात्रे दुसऱ्या अंकात मरायचा आणि अख्खं करावे गाव डोळ्यांना पदर लावायचं. एवढं सगळ्या म्हाताऱ्यांना आठवत होतं. पण नाटक कुठलं, लिहिलं कुणी, पुढं काय झालं, असं विचारा की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघणार. "मिठाचा नाटक होता गो. गोटीराम काय दिसायचा लुगड्यान!" झालं, संपली माहिती. आता घ्या, लिहा ह्याच्यावर प्रबंध!

आणि जागृतीला नेमकं तेच करायचं होतं. ही गोटीरामची सख्खी नात. खाडीकाठच्या गावांत जत्रेला व्हायची ती नाटकं, हा तिचा पीएचडीचा विषय, आणि त्यातलं एक पूर्ण प्रकरण तिनं आज्याच्या नाटकासाठी राखून ठेवलेलं. तिचे गाइड स्वानंद सर माणूस भला, पण पुराव्याच्या बाबतीत भयंकर कडक. "नाटकच हाताशी नसेल तर प्रकरण कशावर उभं करणार? दिवाळीपर्यंत शोध. नाही मिळालं तर गाळून टाक," म्हणाले. गाळून टाक म्हणे! तांदळातला खडा आहे का तो?

पोरीनं जंग जंग पछाडलं. मुंबईतल्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन याद्या चाळल्या, स्कॅन केलेले जुने नाट्यअंक उघडले, पण नावच माहीत नाही तर शोधाच्या चौकटीत टाइप काय करणार? 'मीठ' टाकलं तर लोणच्याच्या पाककृती आल्या. गावात दारोदार फिरून तिनं विचारलं, "नाटकाचं पुस्तक आहे का कुणाकडे?" सगळीकडून एकच उत्तर, "पुस्तक कंदीच नव्हता."

राहता राहिला गोटीराम. आता ऐंशीच्या पुढचा, पण दात सोडले तर सगळं शाबूत. स्वतःच्याच बिल्डिंगखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भाडेकरूंच्या गाड्या बघायचा. जागृतीनं फोन समोर धरला की म्हातारा ताठ व्हायचा, आवाज बारीक करायचा आणि सुरू.

"'...बांधावर कोण?' मी आहे, मुकादम. पाणी चढतंय, उठा." मग गप्प. मग, "'...सकाळी बघू.' सकाळ कुणी पाहिली? मिठागर बुडालं तर चूल बुडेल." पुन्हा गप्प. मग तिसरंच काहीतरी. ना आगा ना पिछा.

"आज्याचं डोकं हँग झालंय," तिचा चुलतभाऊ मिथुन म्हणाला. "टेन्शन नको घेऊ, दुसरा टॉपिक बघ." जागृती त्याच्यावर खेकसली खरी, पण मनातून तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. आणि आज्याची तर एकच कटकट. "गो, सापरला का नाटक? मी मेल्यावर काय झाला, त्ये तरी सांग."

हा काय प्रश्न झाला? तर झालं होतं असं. लुगडं होतं गोटीरामच्या वहिनीचं, घरातलं एकमेव चांगलं. वहिनीला तेच नेसून नाटक बघायला यायचं असायचं. म्हणून गडी स्टेजवर मेला रे मेला, की मागच्या बाजूनं लुगडं सोडून घराकडे धूम ठोकायचा. वहिनी नाटक बघून परतेपर्यंत हा घरात पोरं सांभाळत बसलेला. तालमीतही त्याचं मरण झालं की, "गोटीराम, तू जा, पहाटे मिठागरावर जायचंय तुला." तिसरा अंक त्यानं कधी पाहिलाच नाही. लोकांना विचारावं तर लाज, नायिकेलाच शेवट माहीत नाही म्हणून गाव दात काढणार. अशी सगळी हयात गेली.

शेवटी जागृती वाशीच्या एका ग्रंथालयात गेली. तिथं संदर्भ विभागात जयमालाबाई बसायच्या. चष्मा कपाळावर, डब्यात कायम चणे. त्यांनी तिला आधी चणे दिले आणि मग विचारलं, "नाव माहीत नाही ना? मग नावानं शोधूच नकोस. गाव माहीत आहे, जत्रा माहीत आहे. जत्रा कधी असते?"

"चैत्रात."

"मग चैत्र धर."

कुणा भल्या माणसानं ठाणे जिल्ह्यातल्या एका जुन्या साप्ताहिकाचे अंक स्कॅन करून इंटरनेटवर ठेवले होते. अक्षरं अशी पुसट की संगणकाला वाचता येईनात, म्हणून शोध लागत नव्हता. दोघी शेजारी बसल्या आणि एकेका वर्षाचे चैत्रातले अंक डोळ्यांनी वाचत गेल्या. जयमालाबाईंचं हे काम नव्हतं. त्यांची जेवणाची सुट्टी गेली, चणे संपले, पण त्या उठल्या नाहीत. आणि मग एका कोपऱ्यात, खताच्या जाहिरातीखाली ती बातमी सापडली. करावे येथे गावदेवीच्या जत्रेत भगवान तांडेल लिखित 'खारबांध' नाटकाचा प्रयोग झाला, गोटीराम म्हात्रे यांची स्त्रीभूमिका विशेष वठली.

जागृतीनं पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं आणि चक्क रडायला लागली.

पण हे नाव घेऊन सगळ्या याद्या पुन्हा धुंडाळल्या तरी 'खारबांध' कुठंच नाही. जयमालाबाईंनी दोन ठिकाणी फोनही केले. नाटक छापलंच गेलं नव्हतं.

"भगवान तांडेल कधीच वारले," जागृती म्हणाली. "आजोबांचं हे असं." आणि तिनं कंटाळून रेकॉर्डिंग लावलं.

जयमालाबाईंनी ते ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "अगं वेडे, आजोबा काहीच विसरलेले नाहीत. ही नक्कल आहे!"

"कसली नक्कल?"

"पूर्वी प्रत्येकाला अख्खं नाटक कोण लिहून देणार? नटाला फक्त त्याची वाक्यं उतरवून द्यायचे, आणि त्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे कधी बोलायचं ते कळतं. तिला नक्कल म्हणतात. आजोबा त्यांची नक्कल घडाघडा म्हणतायत. मधे गप्प बसतात, कारण तेव्हा दुसरा बोलतोय. अगं, ते थांबतात तिथं इतरांना शोध."

गावभर जागृती पुस्तक मागत फिरली होती, आणि पुस्तक गावात कधी नव्हतंच. तिनं वाकून बाईंच्या पायांना हात लावला. "अगं, लोक बघतायत," बाई पुटपुटल्या, पण खूश झाल्या. प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान लोक सगळ्यांत शेवटी लिहितात. जागृतीनं ते परतीच्या बसमध्येच लिहिलं, पहिलं नाव जयमालाबाईंचं.

पुढचं काम सोपं झालं. पुन्हा त्याच दारांत जाऊन तिनं विचारलं, "काका, तुमची नक्कल म्हणता का?" आणि काय सांगू! ज्यानं मुकादम केला होता, त्याला गाव अजून मुकादमच म्हणतं, तो दुकानाच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकासमोर खच्चून ओरडला, "बांधावर कोण?"

पण तिसरा अंक सगळा नायकाचा, आणि नायक स्वतः भगवान तांडेल. त्याची बायको पुतळाआजी आता तळवलीला लेकीकडे राहायची. जागृती तिथं पोचली तेव्हा आजी सुकट निवडत होती.

"मना काय इचारतेस? मी चुलीपुरची," आजी म्हणाली. "मी मासली साफ करायची आनि तो समोर उभा रावून बोंबलायचा. तवा आयकलाय तेवराच." आणि सुकट निवडता निवडताच तिनं सुरुवात केली.

रविवारी दुपारी सगळे गोटीरामच्या बिल्डिंगखाली जमले. स्वानंद सर आले, जयमालाबाई चणे घेऊन आल्या. एकाचे शेवटचे शब्द पडले की दुसरा उचलायचा. जिथं माणूस उरला नव्हता तिथं पुतळाआजी मधेच सांगायची, "हितं त्यो असा बोलायचा." गोटीराम दुसऱ्या अंकात मेला, झकास मेला. मग सवयीनं उठून आत जायला निघाला.

"आजा, बस!" जागृतीनं हात धरला. "आज लुगडं द्यायचं नाहीये."

आणि पुतळाआजी बोलू लागली, नवऱ्याच्या आवाजात, मांडीवर मूठ आपटत. जे गाव आदल्या दिवशी हाक मारूनही आलं नव्हतं, ते सगळं कुदळ-फावडी घेऊन, एकटीनं बांध राखताना मेलेल्या नायिकेच्या चितेवरून थेट बांधावर येतं. भगदाड बुजतं. मिठागर वाचतं. नायक म्हणतो, आजपासून ह्या बांधाला माझ्या कारभारणीचं नाव.

स्वानंद सरांनी चष्मा पुसला. "हे प्रकरण पहिलं घे," एवढंच म्हणाले.

गोटीरामनं मात्र पुतळाआजीला हात जोडले.

"पुतले, एवरी वर्सा मना वाटायचा, मी फुकटच मेलो."

"फुकट कशाला मरशील?" आजीनं त्याचे हात खाली केले. "आख्खा गाव आलता बांधावर. तूच नवतास बगायला."