एकच धर

तनुजा मॅडमची नजर तेज आहे, हे अख्ख्या गणित विभागाला ठाऊक होतं. मॅडमना तर जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यांचा विषय खवळलेल्या प्रवाहांचा. वरवर पाहिलं तर नुसता गोंधळ, पण त्यात मोजक्याच आकृत्या पुन्हा पुन्हा डोकावतात. एखादी आकृती बाजूला सरकवून किंवा आरशात दिसते तशी उलटवून दुसरीवर तंतोतंत बसली, तर त्या दोन नव्हेत, एकच. अशानं हजारांचा पसारा चार-पाचांवर येतो. मॅडमची विद्यार्थिनी सदफ हिनं अकरा महिने खपून एक नवी आकृती शोधली होती. मॅडमनी पडद्यावर ओझरती नजर टाकली. "ही जुनीच आहे गं, उलटी. एकच धर," म्हणाल्या आणि मीटिंगला निघून गेल्या.

एकच धरल्यावर सदफच्या प्रबंधात नवं असं काही उरलंच नाही. वर्षभरानं तिनं पीएचडी सोडली.

त्याला तीन वर्षं झाली. गेल्या सोमवारी जुना कॉम्प्युटर रिकामा करताना मॅडमना सदफच्या त्या आकृतीची फाइल सापडली. सहज म्हणून त्यांनी आकृती सरकवून पाहिली, उलटवून पाहिली, दोन्ही करून पाहिली. बसेना. आकृती वेगळीच होती, सदफचीच होती. तपासायला जेमतेम दहा मिनिटं लागली. तेवढीही त्यांनी तेव्हा दिली नव्हती.

सदफ आता मुकुंदवाडीत बारावीच्या शिकवण्या घेते. मॅडम थेट तिच्या क्लासवर गेल्या. ती फळा पुसत होती. मॅडमनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. "चूक माझी झाली, सदफ. तू परत ये. तुझ्याच नावानं छापू."

"ती बसत नाय, हे मला माहीत होतं, मॅडम," सदफ म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी ताडून बघितलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. कागद घेऊन आले होते तुमच्याकडं. तुम्ही बघितलाच नाय. म्हणाल्या, 'आता तू मला शिकवणार का?'" तिच्या आवाजात राग नव्हता. "बसा ना. चहा सांगते."

मॅडमना तो दिवस काही केल्या आठवेना. चुकीपेक्षा त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. असं आपण आणखी किती जणांना म्हणालो असू, हेही त्यांना आठवत नव्हतं.